मावशींच्या नावाची बरणी

मावशींचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि ही सवय त्यांना स्पिरिटने लावली होती. स्पिरिट बंद बरणीतूनही उडून जातं. झाकण घट्ट दिसतं, बरणी भरलेली दिसते, आणि एक दिवस पाहावं तर आतला प्राणी तळाशी सुकून चामड्याचा तुकडा होऊन पडलेला. पस्तीस वर्षं असली झाकणं पिळत काढलेल्या बाईने माणसांवर तरी का विश्वास ठेवावा? दूधवाला माप मारतो, शेजारीण भिंतीला कान लावते, डॉक्टर नको त्या गोळ्या लिहून देतो आणि नवरा चोरून साखर खाऊन डबा होता तसा ठेवतो, हे त्यांचं ठाम मत होतं. नवऱ्याच्या बाबतीत तर ते खरंही होतं.

समुद्री प्राण्यांच्या एका संग्रहालयाच्या तळघरात त्या कामाला होत्या. वरच्या मजल्यावर लोकांसाठी देवमाशाचा सांगाडा आणि रंगीत दिवे. खाली नऊ हजार बरण्या, एक लांब टेबल, एक बेसिन आणि मावशी. तळघराची किल्ली त्यांच्या कमरेला असे. संचालकांकडे दुसरी किल्ली होती, पण ती कुलपात अडकायची. ती का अडकते हे मावशींना आणि घरातल्या कानशीला ठाऊक. ज्याला बरणी हवी त्याने चिठ्ठी लिहून द्यायची, टेबलाशी बसून पाहायची, आणि तो बरणीकडे पाहत असताना मावशी स्टुलावर बसून त्याच्याकडे पाहायच्या. भल्याभल्या शास्त्रज्ञांना त्यांनी "चिमटा पुसलात का?" एवढं विचारून घाम फोडला होता.

त्यांनी डोळ्यांत तेल घालून जपलेलं कपाट एकच, कोपऱ्यातलं. त्यात पिचकाऱ्या होत्या. शास्त्रातलं नाव लांबलचक आहे, पण बोटाने दाबलं की पाण्याची चिळकांडी उडवतात म्हणून तळघरात सगळे त्यांना पिचकाऱ्याच म्हणत. दिसायला काही नाही. खडकाला चिकटलेली एक पिशवी, पाणी आत घ्यायला एक तोंड, बाहेर टाकायला दुसरं. काही जाती तर मोहरीएवढ्या प्राण्यांची वस्ती करून खडकावर थर देतात, कोणी चुना सांडल्यासारखा. कित्येक वर्षं पंडितांनी यांना शिंपल्या-गोगलगायींच्या पंगतीला बसवलं होतं. मग कोणीतरी त्यांचं पिल्लू नीट पाहिलं. पिल्लाला शेपूट असते, ते पोहतं, आणि त्या शेपटीत एक लवचीक दांडी असते, पृष्ठरज्जू. आपल्या कण्याचा कच्चा आराखडाच म्हणा. पिल्लू मोठं होताना खडकाला डोकं चिकटवून बसतं आणि ती दांडी जिरवून टाकतं. मोठेपणी कोणाला सांगून खरं वाटू नये, पण बालपणी यांचा सोयरसंबंध थेट आपल्याशी लागतो. मावशींनी लग्नानंतर हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "आपल्या नात्यातले आहेत म्हणतेस, तर घरी येणार नाहीत ना राहायला?"

हे सगळं मावशींना शिकवलं सरांनी. मावशी बाविसाव्या वर्षी बरण्या धुवायला म्हणून हंगामी लागल्या, तेव्हा सर पन्नाशीच्या आत होते आणि पिचकाऱ्यांची वर्गवारी करणारा त्यांच्यासारखा माणूस आसपास दुसरा नव्हता. कोणती पिचकारी कोणत्या घराण्यातली, कोणाचं नाव आधीचं, कोणाचं नंतरचं, हे त्यांना तोंडपाठ असे. या कामात एक नियम आहे आणि तो फार निर्दय आहे. एकाच प्राण्याला दोन माणसांनी दोन नावं दिली असं सिद्ध झालं, तर जुनं नाव राहतं आणि नवं पडतं. पडलेलं नाव जुन्या नावाखाली बारीक अक्षरात जातं, आणि मग त्याला कोणी हाक मारत नाही.

मावशींचं नाव अशाच एका पिचकारीला होतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका पाणबुड्याने चिखलाने माखलेले काही गोळे बादलीत आणून दिले होते. मावशींनी ते बरणीत घातले आणि पाच आठवड्यांनी धुवायला काढले, तर खडकावर थर देणारी, सगळीकडे सापडणारी जात एरवी पांढरीफटक असते, ही मात्र काचेसारखी आरपार आणि मऊ. त्या जिन्यातून ओरडतच वर गेल्या होत्या, "सर, हा वेगळाच आहे!" या घराण्याच्या अंगात चुन्याचे बारीक काटेरी कण असतात, चांदण्यांच्या आकाराचे, आणि जात ओळखायची ती त्यांच्यावरूनच. यात एकही कण नव्हता. सरांनी सहा महिने तपासून नवी जात जाहीर केली आणि तिला नाव दिलं मावशींचं, लॅटिन शेपूट लावून. ज्या नमुन्यावरून नाव ठरतं त्या मूळ नमुन्याच्या बरणीला लाल फीत बांधतात. ती बांधली मावशींनी स्वतः.

त्यांच्या नावावर घर नव्हतं, गाडी नव्हती. मूल झालं नाही. पण जगातल्या कुठल्याही देशातल्या माणसाने पिचकाऱ्यांचा जाडजूड ग्रंथ उघडला तर त्यात त्या होत्या. हे त्या कोणाला बोलून दाखवत नसत. फक्त ती बरणी रोज पुसत, आणि बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वेळ पुसत.

मावशींच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना नवी मॅडम आली. पस्तिशीची, बारीक आवाजाची, सगळ्यांना नमस्कार करणारी. इतकं गोड बोलणारं माणूस पाहिलं की मावशींच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच पाहिजे. मॅडमला सगळ्या पिचकाऱ्यांची नव्याने वर्गवारी करायची होती. तळघराला लागूनच सूक्ष्मदर्शकाची खोली होती, ती तिला मिळाली. पहिल्या आठवड्यात तिने लाल फितीची ती बरणी मागितली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा. तिसऱ्यांदा चिठ्ठी आली तेव्हा मावशी म्हणाल्या, "मॅडम, कपाटात दोनशे अकरा पिचकाऱ्या आहेत. बाकीच्या रुसतील."

मॅडम हसली, पण तिचे कान लाल झाले. ते मावशींनी टिपून ठेवलं.

मग प्रश्न सुरू झाले. सहज विचारल्यासारखे, चहाचा कप हातात घेऊन.

"मावशी, तेव्हा नमुने आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे ना?"

"ठेवायचे."

"आणि त्यात टाकणखार कोण घालायचं?"

फॉर्मॅलिन ठेवलं की हळूहळू आंबट होतं, म्हणजे त्यात आम्ल तयार होतं. ते मारायला टाकणखार घालतात. हे कोणालाही माहीत असतं. मग हिला 'कोण' कशाला हवंय? मावशींनी ताकास तूर लागू दिली नाही. "ज्याचं काम असेल तो," म्हणाल्या आणि बेसिन घासायला लागल्या.

"सर स्वतः घालायचे का कधी?"

"सरांना चहात साखर घालता येत नव्हती," मावशी म्हणाल्या.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी पिशवी टेबलावर आपटली. "कुठेतरी पाणी मुरतंय."

"बरणीत?" नवऱ्याने विचारलं. तो बस चालवून निवृत्त झालेला, आणि बायकोच्या संशयांची त्याला इंजिनाच्या आवाजाइतकी सवय होती.

"मॅडममध्ये. दोन महिने राहिलेत माझे. जाता जाता कसला तरी ठपका ठेवणार आहेत माझ्यावर. नमुने खराब केले म्हणतील."

"अगं, तुझ्यावर ठपका ठेवायचा म्हणजे आधी तुझ्याकडून चिठ्ठी घ्यावी लागेल."

मावशी हसल्या नाहीत. त्याच आठवड्यात नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. पस्तीस वर्षांत अगदी मोजक्या रजा घेतलेल्या मावशींना दोन दिवस सुट्टी घ्यावी लागली, आणि किल्ली संचालकांच्या हातात द्यावी लागली. दवाखान्याच्या बाकावरही त्यांचा जीव टांगणीला लागलेला होता, आणि तो नवऱ्याच्या डोळ्यासाठी नव्हे. नवऱ्याला ते पट्टीआडूनही कळलं.

तिसऱ्या दिवशी त्या आल्या त्या तडक कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेल्या. लाल फितीच्या बरणीच्या मानेला त्या एक काळा दोरा बांधून ठेवत. गाठ उलटी, डाव्या हाताची; हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. गाठ सुलटी होती. आतलं स्पिरिट बोटभर खाली गेलं होतं, आणि एका गोळ्याची कड सुबक कापलेली होती. चिठ्ठ्यांच्या तारेत चिठ्ठी नव्हती.

मावशींना वर जाऊन संचालकांसमोर आरडाओरडा करावा असं वाटलं. पण आरडाओरडा केला की चोर सावध होतो. त्यांनी दोरा सोडून आपली गाठ मारली, मॅडमकडे पाहून नेहमीसारखी मान हलवली, आणि ती जेवायला वर जाण्याची वाट पाहत बसल्या.

एक वाजता मॅडम गेली. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. दुसऱ्याच्या कागदांना हात लावायचा नाही, हे मावशींचं तत्त्व होतं. पण दुसऱ्याने आपल्या बरणीला हात लावल्यावर तत्त्व तरी किती धरायचं? त्या आत शिरल्या. टेबलावर कागदांवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, म्हणजे लपवलेलंच. त्यांनी ते उचललं.

खाली एक मोठा फोटो होता. कापलेली ती कड, शेकडो पट मोठी केलेली. आरपार मांस, आणि त्या मांसात पोकळ्या. एकेक पोकळी चांदणीच्या आकाराची. आत काहीच नाही, पण आकार तसाच्या तसा. खिळा उपटल्यावर भिंतीत राहतं तसं भोक.

मावशींनी पस्तीस वर्षं अशा चांदण्या पाहिल्या होत्या. त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. काटे होते. सगळेच्या सगळे होते. ते नंतर कशात तरी विरघळले. आणि चुना विरघळतो तो आम्लात.

फोटोखालच्या कागदावर त्यांचं लॅटिन शेपटीचं नाव होतं, पुढे बरोबरीचं चिन्ह, आणि त्यापुढे त्या जुन्या, सगळीकडे सापडणाऱ्या पांढऱ्या जातीचं नाव. म्हणजे नाव पडलं. पण खालची ओळ त्याहून वाईट होती: 'मूळ वर्णन करणाऱ्याने नवी जात दाखवण्यासाठी नमुन्यावर मुद्दाम आम्लाची प्रक्रिया केली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

मूळ वर्णन करणारा म्हणजे सर. सर चोर? ज्या माणसाने कधी दुसऱ्याची पेन्सिल खिशात घातली नाही तो? मावशींनी वर्तमानपत्र पुन्हा पसरलं, तळघरात आल्या आणि जुन्या वह्यांचं कपाट उघडलं. मॅडमला या वह्यांचा पत्ता नव्हता. कोणती बरणी कोणत्या दिवशी कोणत्या द्रवात ठेवली आणि कोणी ठेवली, याची ती नोंद. एकेक ओळ मावशींच्या हातची. सरांना एका दमात निर्दोष ठरवेल असा पुरावा यातच असणार, या खात्रीने त्यांनी बत्तीस वर्षांपूर्वीची वही काढली.

पुरावा होता. पानाच्या वरच्या बाजूला त्यांच्याच कोवळ्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'टाकणखार संपला. मागणी पाठवली.' पानाच्या तळाशी, एक्केचाळीस दिवसांनंतरची तारीख: 'टाकणखार आला.' आणि या दोहोंच्या मध्ये पाणबुड्याच्या गोळ्यांची बरणी. द्रवाच्या रकान्यात लिहिलेलं, 'फॉर्मॅलिन.' करणाऱ्याच्या रकान्यात त्यांची सही.

मावशी स्टुलावर बसल्या. सगळं आठवलं, आणि इतकं स्वच्छ आठवलं की ते कधी विसरलंच नव्हतं की काय अशी शंका आली. टाकणखार नसेल तर फॉर्मॅलिनला हात लावायचा नाही, नमुना सरळ स्पिरिटमध्ये घालायचा, हे त्यांना सांगितलेलं होतं. पण स्पिरिटचा पिंप वर कुलपात होता, सर दौऱ्यावर होते, आणि चार दिवसांनी काय होतंय असं म्हणून त्यांनी बरणी फळीच्या मागे सरकवली होती. चार दिवसांचे पाच आठवडे झाले. मग धावत जिना चढल्या होत्या, सर, हा वेगळाच आहे. अख्ख्या जगात ज्या एका गोष्टीला त्यांचं नाव होतं ती गोष्ट म्हणजे त्यांचा हलगर्जीपणा होता.

पान फाडता आलं असतं. कोणाला कळलं नसतं. आणि सर? मावशींनी पानाची कड धरली, सोडली, आणि मग त्यांचं लक्ष समासाकडे गेलं.

सर दर शनिवारी ही वही तपासत आणि प्रत्येक ओळीसमोर निळ्या पेन्सिलीची टिक करत. या पानावरही निळ्या टिका होत्या, एकीखाली एक. फक्त त्या बरणीच्या ओळीसमोर दोन होत्या. निळीच्या शेजारी एक हिरवी. त्या जातीच्या निळ्या पेन्सिली बाजारात मिळेनाशा झाल्या आणि सर वैतागून हिरव्या वापरू लागले, ते नक्की दोन वर्षांनी. म्हणजे दोन वर्षांनी सरांनी ही जुनी वही मुद्दाम काढली होती, आणि हीच ओळ वाचली होती.

आयुष्यभर मावशींनी जगावर संशय घेतला होता. त्यातून एक माणूस वगळला होता. त्या उठल्या, वही पिशवीत घातली, दाराला कुलूप लावलं आणि दुपारी तीन वाजता, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा, न सांगता कामावरून निघून गेल्या.

सरांचं घर दोन रस्ते सोडून होतं. सून दार उघडून आत गेली. सर गॅलरीत खुर्चीवर बसले होते, त्र्याऐंशी वर्षांचे, गुडघ्यांवर शाल. मावशींना पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"अगं ये, ये. निवृत्तीचा निरोप द्यायला आलीस का?"

"सर, हिरवी टिक कधी केलीत?"

"कुठली?"

"कुठली ते तुम्हाला माहीत आहे." मावशींनी वही त्यांच्या मांडीवर उघडून ठेवली.

सरांनी चष्मा चढवला नाही. पानाकडे पाहिलंही नाही.

"मी त्या पाणबुड्याला पुन्हा त्याच खडकावर उतरवलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, तुझी आणखी चारदोन मिळतील. वीस तुकडे आणले त्याने. सगळे पांढरेशुभ्र. तुझी एकही नाही. मग मी वही काढली."

"आणि बोलला नाहीत."

"तुला कायम करायचा कागद त्याच महिन्यात वर गेला होता. शिफारशीत मी काय लिहिलं होतं ठाऊक आहे? नवी जात ओळखणारी नजर. ते खोटं ठरलं असतं तर त्यांनी तुला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं."

"ते झालं तेव्हाचं. नंतर?"

"नंतर तू ती बरणी पुसायचीस," सर म्हणाले. "मी वरून येताना बघायचो. आज सांगू, उद्या सांगू असं करता करता मी निवृत्त झालो. मग म्हटलं, आता कोण बघतंय."

आपल्यावर कोणीतरी एवढी माया केली हे ऐकून मावशींना बरं वाटायला हवं होतं. त्यांना संताप आला. तीस वर्षं त्या एका चुकीला फडक्याने चकाकी आणत होत्या आणि या माणसाला ते ठाऊक होतं.

"मी दूधवाल्यावर संशय घेतला, सर. नवऱ्यावर घेतला. त्या बिचाऱ्या मॅडमवर तर दोन महिने घेतेय. फक्त तुमच्यावर नाही घेतला. मला मूर्ख बनवायला तुम्हीच मिळालात?"

सरांनी मान खाली घातली. "आता काय करणार आहेस?"

"वही मॅडमना देणार."

"नाव पडेल तुझं."

"ते पडलंच आहे. पण त्या लिहितायत की तुम्ही मुद्दाम आम्ल घालून नवी जात बनवलीत."

"मी? मी असं..."

"तुम्ही नाही. मला ठाऊक आहे. म्हणून तर वही देतेय." मावशींनी वही मिटली. "वहीत माझी चूक आहे. ती मी सांगेन. तुम्हाला माहीत होतं, ते तुमचं तुम्ही सांगायचं. ते काम मी करणार नाही."

सून चहा घेऊन आली तोवर त्या जिन्यात पोचल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती वही मॅडमच्या टेबलावर ठेवली, वर्तमानपत्रावरच. "काल तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी हे उचलून वाचलं," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही माझ्या रजेत बरणी उघडलीत. आता फिटंफाट. हे पान वाचा."

मॅडमने वाचलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. तिचा बारीक आवाज आणखी बारीक झाला. "मावशी, संचालकांची परवानगी होती. मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही ती बरणीच कुठेतरी नाहीशी कराल."

"माझ्यावर संशय घेतलात?" मावशींना याचा खरोखर धक्का बसला.

"सगळेच म्हणत होते, त्या बरणीवर तुमचा फार जीव आहे." मॅडमने हिरव्या टिकेवर बोट ठेवलं, पण तिला ती वाचता आली नाही. "सरांना हे माहीत होतं का?"

"फोन करा. विचारा."

मॅडमने नंबर फिरवला. मावशी दारातच उभ्या राहिल्या. त्यांना पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. सर नाही म्हणाले तर काय करायचं, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. खोटं पाडायचं, की गिळून टाकायचं? काल रागात 'तुमचं तुम्ही सांगा' म्हणणं सोपं होतं. आता या म्हाताऱ्याने खोटं बोलू नये म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला, आणि त्याने खोटं बोलून स्वतःला वाचवावं असंही कुठेतरी वाटत होतं.

"हो सर... नाही, वही त्यांनीच आणून दिली... कधीपासून?"

मॅडमने पेन उचललं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मावशींना ते उलटं दिसत होतं, तरी वाचता आलं. तीस वर्षं.

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. सरांवरचा राग गेला नव्हता, पण त्याच्या शेजारी आता दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं.

मॅडमने फोन ठेवला. सरांवरची ती ओळ तिने त्यांच्यासमोर खोडली. मग म्हणाली, "मावशी, मी असं लिहिते. साठवणुकीच्या द्रवात आम्ल तयार झाल्यामुळे काटे विरघळले. बस. कोणाचं नाव नको."

"द्रव आपणहून बरणीत जाऊन बसला नाही. मी ओतला. टाकणखार नाही हे माहीत असून ओतला. तसं लिहा."

"असं कोणी लिहीत नाही, मावशी."

"शोध लागला म्हणून माझं नाव छापलंत ना? मग चूक झाली तेव्हा मी काय गावाला गेले होते?"

मॅडमने नवी ओळ लिहिली: त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि आडनाव, लॅटिन शेपूट न लावता, आणि पुढे त्यांनी काय केलं ते. मावशींनी कागद आपल्याकडे फिरवून घेतला. एकेक शब्दावर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचत गेल्या, आणि शेवटी त्यांना रडू फुटलं, मोठ्याने, नाकडोळे एक करून. मॅडम पाणी आणायला धडपडत उठली.

"बसा," मावशी पदराने तोंड पुसत म्हणाल्या. "आधी तारीख घाला."